दोन बोटं ठेंगणी खुर्ची

त्या कारखान्यात लोखंडी कपाटं बनत, आणि ऑफिसातलं सगळं सामान नापास मालातून आलेलं होतं. कुणाच्या कपाटाचं दार अर्धवटच लागे, कुणाच्या टेबलाचा खण लाथ मारल्याशिवाय उघडत नसे. सहीसाहेबांच्या टेबलापलीकडची खुर्ची मात्र पास झालेली होती, आणि तिला सहीसाहेबांनी स्वतः नापास केलं होतं. वर्कशॉपमध्ये पाठवून तिचे चारही पाय दोन-दोन बोटं कापून आणले होते. खाली रबरी टोप्या बसवल्यावर कुणाच्या काही लक्षात येत नसे. येणारा बसे, हात टेबलावर ठेवायला जाई, आणि टेबल त्याच्या छातीशी येई. आज आपण जरा लहान झालोय एवढंच त्याला वाटे, आणि सहीसाहेबांचं निम्मं काम तिथेच होऊन जाई.

हुद्द्याने ते कामगार अधिकारी. सहीसाहेब हे नाव कामगारांनी ठेवलेलं, कारण त्यांच्या खोलीत गेलेला माणूस सही करूनच बाहेर पडे. माणसं कमी करायची असली की मोठे साहेब यादी पाठवत, आणि सहीसाहेब एकेकाला बोलावून स्वेच्छानिवृत्ती घ्यायला लावत. जाणाऱ्याने लिहून द्यायचं की मी माझ्या खुशीने मुदतीआधी निवृत्त होतोय, आणि त्याबदल्यात कारखान्याने काहीतरी एकरकमी द्यायचं. त्या काहीतरीवर घासाघीस करणं हे सहीसाहेबांचं आयुष्यभराचं काम. सव्वीस वर्षांत त्यांनी दोनशे एकोणीस माणसं घरी पाठवली आणि वरून ठरलेल्या आकड्यापेक्षा एकालाही छदाम जास्त दिला नाही. कारखान्याने त्यांना या कामगिरीबद्दल दर पाच वर्षांनी एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. घरात पाच घड्याळं होती आणि पाचही वेगवेगळी वेळ दाखवत.

समोर बसणाऱ्यांबद्दल त्यांना काय वाटे हे सांगायला एक शब्द पुरे: किळस. रडणाऱ्यांची किळस, हात जोडणाऱ्यांची किळस, बायकोला बरोबर आणून तिला बोलायला लावणाऱ्यांची तर जास्तच. "बघा ना साहेब काही होतंय का," हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की जेवताना त्याची नक्कल करून दाखवत. बायको हसत नसे. त्यांना वाटे, तिला विनोद कळत नाही.

या किळसवाण्या माणसांकडून कारखान्याचा सगळ्यात मोठा फायदा कसा करून घ्यायचा, ते सहीसाहेबांनीच शोधून काढलं होतं. प्रत्येक कामगाराच्या कुटुंबाला दवाखान्याचं कार्ड असे. मुदतीआधी जाणाऱ्याला ते साठाव्या वर्षापर्यंत ठेवता येई. सहीसाहेबांनी मसुद्यात एक ओळ घातली: कार्ड नको असल्यास त्याऐवजी रोख. रोख दिसायला बरी दिसे, आणि एका मोठ्या आजारपणात संपून जाई. दोनशे एकोणीसपैकी दोनशे चार जणांनी रोख घेतली. सहीसाहेब म्हणत, माणसं आकडा वाचतात, कागद वाचत नाहीत. ते खोटं नव्हतं. फक्त कागद असा लिहिणारा कोण, हे ते सांगत नसत.

त्यांच्या हाताखाली चार वर्षांपासून एक मुलगी होती. मुलगी म्हणजे एकतीस वर्षांची, घरी दोन लेकरं असलेली बाई. पण सहीसाहेब तिला अजून 'शिकाऊ' म्हणत, तिच्यासमोर आणि तिच्यामागेही. तिचा दोष एकच होता. ती समोरच्याला तिसऱ्यांदा विचारी. कपाटांना रंग मारणारा फवारेवाला आला तेव्हा तेच झालं. छाती भात्यासारखी वाजत असलेला माणूस. पण घराचं छप्पर गळत होतं आणि त्याला रोख हवी होती. शिकाऊने विचारलं, कार्ड ठेवायचं का? नको म्हणाला. पुन्हा विचारलं. नको म्हणाला. तर ही म्हणते, "काका, घरी एकदा विचारून या ना, उद्या सही करा." सहीसाहेबांनी तिला फाईल आणायच्या निमित्ताने बाहेर पाठवलं आणि ती येईपर्यंत सही उरकून घेतली. नंतर तिला समोर उभं करून झापलं. दोनदा विचारावं, तो नियम आहे. तिसऱ्यांदा विचारणारा स्वतःच गरजू दिसतो. तिने मान हलवली, पण पुढच्या माणसाला पुन्हा तिसऱ्यांदा विचारलंच. पालथ्या घड्यावर पाणी, सहीसाहेबांनी ठरवून टाकलं.

फवारेवाला तीन दिवसांनी परत आला. बायकोने फैलावर घेतलं असणार. त्याच ठेंगण्या खुर्चीत बसून म्हणाला, साहेब, रोख राहू द्या, कार्डच द्या, बघा ना काही होतंय का. सहीसाहेबांनी तांब्यातून पेला भरला आणि त्याच्यापुढे सरकवला. तो पाणी पीत असताना शांतपणे म्हणाले, "कागद वर गेला. आता माझ्या हातात नाही." पाणी संपलं तसा फवारेवाला उठला आणि गेला. मग सहीसाहेबांनी टेबलाचा डावा खण उघडून शिकाऊला त्याचा कागद दाखवला. कागद वर जायचे ते शनिवारी, आठवड्याचे सगळे एकदम. तो दिवस गुरुवारचा होता.

"सही करून परत येणाऱ्याला आधी पाणी द्यायचं," त्यांनी तिला समजावलं. "तोंड गुंतलेलं असतं तेवढ्यात नाही म्हणायचं. पाणी संपलं की माणूस आपोआप उठतो."

ही हकिगत त्यांनी त्या दिवशी घरीही सांगितली. बायको जेवायची थांबली होती. तेव्हा तिला दोन्ही हातांनी पेला धरावा लागे.

तिला सांध्यांचा आजार होता. बोटं आत वळत चालली होती. आठ महिने तिला स्वतःची वेणी घालता येत नव्हती. सहीसाहेब सकाळी ऑफिसला जाण्याआधी तिची वेणी घालत. वाईट घालत, एका बाजूला कललेली, पण घालत, आणि हे त्यांनी बाहेर कुणाला मरेपर्यंत सांगितलं नसतं. मग एक नवं इंजेक्शन निघालं. दर सहा आठवड्यांनी एक, आणि एकाची किंमत त्यांच्या दीड महिन्याच्या पगाराएवढी. कार्डावर फुकट. वर्षभरात बोटं बरीच सरळ झाली. ती बरणीची झाकणं उघडू लागली, फोडणीला लसूण सोलू लागली, आणि एक दिवस सकाळी ती वेणी घालूनच बाहेर आली. सहीसाहेबांनी ते पाहिलं आणि वर्तमानपत्र वाचत राहिले.

तर असे हे सहीसाहेब चौपन्नाव्या वर्षी मोठ्या साहेबांच्या टेबलावर पुढच्या वर्षाची यादी पाहून आले. उलटी ठेवलेली यादी वाचायची कला त्यांना होती. तिच्यात त्यांचं नाव चौथं होतं. कुणी आपल्याला काढावं ही कल्पनाच त्यांना सहन होईना. आठवड्याभरात त्यांनी सगळीकडे पिकवलं की नोकरीचा कंटाळा आला, आता मुदतीआधीच निवृत्ती घेऊन मस्त जगणार. कॅन्टीनवाल्याला सांगितलं, शिपायाला सांगितलं, जिन्यात भेटेल त्याला सांगितलं. ज्यांच्याशी कधी धड बोलले नव्हते त्यांनाही सांगितलं. मोठ्या साहेबांनी अडवलं नाही. त्यांनी एका दिवसात होकार दिला. सहीसाहेबांना तेही लागलं.

बायकोने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "पैसे कमी मिळाले तरी चालेल. कार्ड सोडू नका."

"मला शिकवतेस?" सहीसाहेब म्हणाले.

नियमाप्रमाणे स्वतःचा कागद स्वतः करता येत नाही. बोलणी शिकाऊकडे गेली. हे कळल्यावर सहीसाहेब घरी येऊन पोट धरून हसले. ती पोरगी माझ्याशी घासाघीस करणार. त्यांचा बेत पक्का होता. आपल्याला जे हवं त्याला कवडीमोल म्हणायचं आणि दुसऱ्याच गोष्टीसाठी भांडायचं. समोरचा घायकुतीला येऊन आपली गोष्ट वर पदरात टाकतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. कार्डाचं नावही स्वतः काढायचं नाही. ती विचारील तेव्हा नको म्हणायचं. ती पुन्हा विचारील, पुन्हा नको म्हणायचं. मग ती स्वभावाप्रमाणे तिसऱ्यांदा विचारील, गयावया करील, तेव्हा उपकार केल्यासारखं म्हणायचं की बरं, एवढं म्हणतेस तर राहू दे. रकमेतला एक पैसाही कमी न होता कार्ड हातात.

ठरलेल्या दिवशी सहीसाहेब खोलीत शिरले ते बाहेरची खुर्ची हातात घेऊनच. ठेंगणी खुर्ची त्यांनी पायाने कोपऱ्यात ढकलली. शिकाऊ त्यांच्या जागी बसली होती. तिने पाहिलं. मग दोघंही काही बोलेनात, कारण आधी बोलतो तो हरतो हे तिला त्यांनीच सांगितलं होतं. पंख्याचा कटकट आवाज येत राहिला. शेडमध्ये कुठेतरी पत्रा पडला. शिपाई चहा ठेवून गेला आणि दारातून दोनदा वळून पाहून गेला. बराच वेळ गेल्यावर सहीसाहेबांना वाटलं, बिचारीला शब्द सुचत नाहीयेत. म्हणून मोठ्या मनाने त्यांनीच सुरुवात केली. हरल्याचं त्यांच्या मनातही आलं नाही.

मग त्यांनी रक्कम धरली आणि सोडली नाही. वर्षाला तीस दिवसांचा पगार हा नियम. त्यांनी साठ मागितले. जुन्या चार फायली तोंडपाठ म्हणून दाखवल्या, न घेतलेल्या रजा काढल्या, कारखान्याचे आपण किती वाचवले त्याचा पाढा वाचला. एकदा टेबलावर हातही आपटला. दोनशे एकोणीस जणांपैकी कुणी असं केलं असतं तर त्यांनी त्याची जेवताना नक्कल केली असती. शिकाऊ लिहून घेत होती. शेवटी पंचेचाळीसवर आली. पंचेचाळीस आजवर कुणालाच मिळाले नव्हते. सहीसाहेबांना आतून गुदगुल्या झाल्या आणि त्यांनी तोंड आणखी वाईट केलं.

"आणि कार्ड, सर?" तिने विचारलं. "ठेवायचं ना?"

"कार्डाचं काय घेऊन बसलीस. माझं मी बघेन."

तिने पेन खाली ठेवलं. "सर, मॅडमची इंजेक्शनं चालू आहेत ना? ठेवा कार्ड. रक्कम थोडी कमी होईल फक्त."

आता हे थोडी कमी नको होतं म्हणून तर सगळा खटाटोप. सहीसाहेब खुर्चीत मागे रेलले. "सांगितलं ना, नको. त्या दवाखान्यात रांगा लावायला वेळ कुणाला आहे?"

आणि ते तिसऱ्या विचारण्याची वाट पाहत बसले. त्यांनी चहाचा उरलेला घोट घेतला. खिडकीबाहेर पाहिलं. शिकाऊ त्यांच्याकडे बघत होती, काहीतरी बोलणार असं तिचं तोंड झालंही होतं. मग तिने पेन उचललं आणि लिहिलं. चार वर्षांत ती पहिल्यांदाच दोनदा विचारून थांबली.

कागद टाइप होऊन आला. सहीसाहेब इतरांसारखे नव्हते, त्यांनी कागद वाचला. त्यांचाच मसुदा, त्यांचीच ओळ: कार्ड नको असल्यास त्याऐवजी रोख. पुढे रकमेचा आकडा. त्यांनी मान वर केली. अजून वेळ होता. 'कार्ड हवंय' एवढे दोन शब्द बोलायचे होते, आणि त्याला काही पैसे पडत नव्हते. तेवढ्यात दार उघडून मोठे साहेब आत आले, मागे शिपाई. मोठ्या साहेबांच्या हातात कागदात गुंडाळलेलं सहावं घड्याळ होतं. ते शिकाऊला म्हणाले, काय, आमच्या वाघाने किती ओरबाडलं? तिने सांगितलं. मोठे साहेब हसले. "आणि कार्डही नाही घेतलं? वा! याला म्हणतात ताठ कणा."

या माणसासमोर आता मागायचं? सहीसाहेबांच्या डोळ्यांपुढे हात जोडलेले दोनशे एकोणीस जण उभे राहिले. त्यांच्या ओळीत ते उभे राहणार नव्हते. शिवाय कागद शनिवारपर्यंत कुठे जात होता? डाव्या खणात. आज बुधवार. उद्या सकाळी शिकाऊला एकटीला गाठायचं, एक ओळ बदलून घ्यायची, बस्स. मऊ मन आहे तिचं, नाही म्हणायची नाही. त्यांनी झोकात सही केली आणि घड्याळ बगलेत मारून बाहेर पडले.

घरी बायको लसूण सोलत होती. त्यांनी आकडा सांगितला. वर्षाला पंचेचाळीस दिवसांच्या हिशेबाने, कुणालाच मिळाला नाही असा. ती सोलत राहिली.

"कार्ड?"

"होईल."

"होईल म्हणजे?"

मग त्यांना सगळं सांगावं लागलं, आणि सांगताना त्यांच्या लक्षात आलं की ही चाल तोंडाने सांगितल्यावर फार मूर्ख वाटते. तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं तिने, ते म्हणाले. नेहमी विचारते. अक्कल नाही तिला. पण काळजीचं कारण नाही, कागद अजून खणातच आहे.

"त्या रंगवाल्याचाही खणातच होता," बायको म्हणाली.

सहीसाहेब घड्याळाचा कागद सोडू लागले.

"तीस वर्षांत तुम्हाला कुणापुढे काही मागताना मी पाहिलं नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं, या माणसाला कशाची गरजच नाही. तुम्हाला मागताच येत नाही होय." तिने सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या, एकेक, बोटांच्या टोकांनी. "दोनदा हो म्हणायची संधी दिली तिने. माझं नाव काढून दिली. आणि अक्कल तिला नाही."

दुसऱ्या दिवशी सहीसाहेब कारखान्यात गेले. फाटकावरच्या रखवालदाराने त्यांच्याकडून येणाऱ्यांच्या वहीत सही घेतली. काल त्यांच्याच हाताने आपण कामगार राहिलो नाही असं लिहून दिलेलं होतं, त्यामुळे त्याचं चूक नव्हतं. सहीसाहेबांनी त्याला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या, आणि जिना चढताना बोलायचं ते जुळवलं. जरा हसत बोलायचं. सहज आलो होतो. एक बारीकशी दुरुस्ती आहे.

खोलीत काल त्यांनी आणलेली खुर्ची नव्हती. ती जिथली तिथे परत गेली होती. टेबलासमोर जुनीच होती, रबरी टोप्यांची. उभ्याने बोलता आलं असतं. पण शिकाऊ बसा म्हणाली, आणि सहीसाहेब बसले. टेबल छातीशी आलं. इतकी खाली असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. दोन बोटंच तर सांगितली होती कापायला.

जुळवलेलं सगळं विसरलं. सहज आलो होतो हेही आठवेना. त्यांनी घसा खाकरला आणि तोंडातून आलं ते असं:

"ते कार्डाचं… रोख राहू दे. तिला इंजेक्शनं आहेत. बघ ना काही होतंय का."

शिकाऊने त्यांच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आल्यासारखे झाले, आणि तेवढ्यावर सहीसाहेबांचा जीव भांड्यात पडला. आज गुरुवार. डावा खण तिच्या गुडघ्यापाशीच होता. नुसता उघडायचा होता.

तिचा हात हलला. तांब्याकडे गेला. तिने पेला काठोकाठ भरला आणि हळूच त्यांच्यापुढे सरकवला.

सहीसाहेबांनी पेला उचलला. पाणी संपलं की माणूस उठतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते अगदी थोडं थोडं प्यायले.